वगळलेले चार दिवस

एकशे एक्कावन्नाव्या किलोमीटरला तेजल सपकाळेने पाणी नाकारलं.

दुपारचे बारा चाळीस झाले होते. मार्चचा शेवटचा आठवडा, कन्नडच्या अलीकडचं उघडंबोडकं पठार, रस्त्यावर एकेचाळीस अंश. मदतीच्या गाडीतून तिचे वडील भास्कर सपकाळे बाटली धरून होते. गाडीने सायकलीच्या शेजारून एक मिनिट चालावं, वस्तू द्यावी आणि मागे सरावं, असा नियम होता. सायकलस्वाराला हात लावला तर शर्यत तिथेच संपली.

"नको, नाना," तेजल म्हणाली. "मस्त गार वाटतंय."

नानांनी तिच्या हाताकडे पाहिलं. कोपरापासून मनगटापर्यंत काटा आला होता. कातडी कोरडी होती. घामाचं पाणी उडून गेलं होतं आणि मिठाचे पांढरे पट्टे मागे राहिले होते.

गाडी मागे सरली. चालवणारा रमजान तडवी हा तेजलचा जळगावच्या एसटी आगारातला सोबती. ती मेकॅनिक, तो इलेक्ट्रिशियन. "नाना, काच लावा," तो म्हणाला. "फुफाटा आत येतोय. आणि चेहरा असा काय केलाय? पोरगी दुसरी आहे. तिसरी अकरा मिनिटं मागं आहे."

"तिच्या अंगावर काटा आलाय."

"आनंदानं आला असेल."

नानांनी डॅशबोर्डवरच्या स्क्रीनकडे बोट केलं. तिथे हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: शरीराचं आतलं तापमान ३८.४. राखीव ताकद ३१ टक्के. "हे आतलं तापमान त्याला कसं कळतं?" त्यांनी विचारलं. "तिच्या आत तर काही बसवलेलं नाही."

'खानदेश सहाशे' ही सहाशे किलोमीटरची शर्यत चौतीस तासांत संपवायची असते. सकाळी सहाला जळगाव सोडायचं, अजिंठ्याचा घाट चढून सिल्लोड, तिथून कन्नड, मग घाट उतरून चाळीसगाव आणि पुढे तापीच्या काठाकाठाने मोठा वळसा. त्या वर्षी महिलांतल्या पहिल्या दोघी राष्ट्रीय संघात जाणार होत्या. तेजल तेहतीस वर्षांची होती आणि तीन वर्षांत दोनदा तिसरी आली होती.

यातले बहुतेक स्पर्धक रस्त्यावर सराव करतच नसत. वर्षातले सात महिने उन्हात सायकल चालवणं शक्य राहिलं नव्हतं आणि उरलेल्या महिन्यांत वाहनांमुळे. त्यामुळे सराव घरात होई. सायकलचं मागचं चाक काढायचं, साखळी यंत्रावर चढवायची, पुढचं चाक फरशीला आवळायचं आणि समोरच्या पडद्यावरच्या रस्त्याकडे बघत पायडल मारत राहायचं. चढ आला की यंत्र पायांना जड लागतं, उतार आला की हलकं. सायकल मात्र तसूभर हलत नाही. "दोनशे तास पायडल मारलंस, अन् अजून आपल्या पिंप्राळ्यातच आहेस," असं नाना तिला चिडवत.

दोनशे तास हा आकडा सक्तीचा होता, आणि त्याचं कारण कपाळावरची पट्टी.

थकवा स्नायूंत असतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो बराचसा मेंदूचा निर्णय असतो. शरीराची ताकद खरोखर संपण्याच्या खूप आधी मेंदू पाय जड करतो, तहान लावतो, थांब म्हणतो. जवळजवळ एक तृतीयांश ताकद तो अडीअडचणीसाठी राखून ठेवतो. पट्टी कपाळातून अगदी क्षीण वीजप्रवाह सोडून ही सूचना दाबते. माणूस थकतो, पण थकवा त्याच्यापर्यंत पोचत नाही. सुरुवातीच्या वर्षात अशा पट्ट्या लावलेले तीन जण सायकलवरच मेले. त्यानंतर नियम झाला की ज्याच्या शरीराचं प्रतिरूप तयार आहे, त्यालाच पट्टी मिळेल.

प्रतिरूप म्हणजे त्या शरीराचा आकड्यांमधला आराखडा. बंद खोलीत, अडतीस अंशांवर, कंपनीचा एकच पंखा समोरून ठरलेल्या वेगाने चालू ठेवून दोनशे तास पायडल मारायचं. त्या वेळी पोटात तापमान मोजणारी गोळी असते. किती जोर लावला की नाडी किती चढते, अंग किती तापतं आणि घामाने किती निवतं, हे यंत्र शिकून घेतं. शर्यतीत गोळी चालत नाही. गार पाणी प्यालं की ती चुकीचं सांगते आणि काही तासांत पोटातून निघून जाते. म्हणून शर्यतीत नाडी, जोर आणि बाहेरचं ऊन एवढंच मोजतात आणि आतलं तापमान प्रतिरूप सांगतं. राखीव ताकद कमी होऊ लागली की पट्टी थकव्याला हळूहळू वाट करून देते. चार वर्षांत ते एकदाही चुकलं नव्हतं.

रमजानने हे सगळं आपल्या शब्दांत सांगितलं. "म्हणजे नाना, ही स्क्रीन आत्ताची तेजल बघतच नाहीये. घरच्या खोलीत जशी तापायची, त्यावरून हिशेब लावतेय."

घाटाचं तोंड एकशे सत्तराव्या किलोमीटरला होतं. पुढे एकोणीस किलोमीटर राहिले होते.

भास्कर सपकाळे यांनी चाळीस वर्षं मोटर वाइंडिंग आणि कूलर दुरुस्ती केली होती. कूलरचं शास्त्र त्यांना कुणी शिकवावं अशी गरज नव्हती. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून हवा गार होते. पॅड ओलं आहे तोवर कूलर. पॅड कोरडं पडलं की तोच पंखा गरम हवा फेकतो. माणसाचं अंगही तसंच. मुलीच्या हातावरचे मिठाचे पट्टे पाहून त्यांना पहिलं काय आठवलं असेल तर ते कोरडं पॅड.

दुसरं आठवलं ते घराच्या मागच्या खिडकीचं.

ऑक्टोबरमध्ये, दोनशे तासांची मोजणी सुरू व्हायच्या आधी, तयारीच्या सरावाच्या बाराव्या तासाला, तेजल सायकलवरून उतरून मोरीत ओकली होती. त्या संध्याकाळी नानांनी भंगारातला एक छोटा कूलर काढला. मोटर स्वतः नव्याने तार गुंडाळून भरली, इतकी की तिचा आवाज पंख्याच्या आवाजाखाली झाकून जावा. कूलर मागच्या खिडकीबाहेर बसवला आणि पत्र्याची चार इंची नळी पडद्याआडून आत घेऊन तिचं तोंड बरोबर मुलीच्या पाठीवर रोखलं. यंत्राचा थर्मामीटर समोर, हँडलपाशी होता. तो अडतीसवरून हलू नये म्हणून त्यांनी तीन दिवस नळीचं तोंड वाकवलं, लहान केलं, पुन्हा वाकवलं. शेवटी जमलं. समोर अडतीस आणि पाठीवर अठ्ठावीस. आयुष्यातलं सगळ्यात नाजूक काम केल्याचं समाधान घेऊन ते त्या दिवशी झोपले.

तेजलला त्यांनी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने ते काढायला लावलं असतं, असं त्यांना वाटलं. रोज सराव संपायच्या वेळी ते बाहेरून कूलर बंद करत आणि हातातल्या पान्याने खिडकीच्या गजावर दोनदा ठोकत. टण, टण. तेजल पाय थांबवायची. पाच महिने हाच क्रम.

"रमजान," नाना म्हणाले, "घाट किती राहिला?"

"तेरा किलोमीटर."

सहा किलोमीटर ते गप्प बसले होते. या सहा किलोमीटरांत काय चाललं होतं ते त्यांनी पुढे चौकशीत सरळ सांगितलं: सांगितलं तर तिची शर्यत गेली, संघ गेला आणि ती पुन्हा माझ्याशी बोलेल की नाही ते माहीत नव्हतं, न सांगता तिच्या अंगावरचा काटा जाईल असं थोडा वेळ वाटत होतं.

"कंट्रोल रूमला फोन लाव," ते म्हणाले.

कंट्रोल रूममध्ये डॉ. शुभांगी वाणी ड्यूटीवर होत्या. नानांनी तीन वाक्यांत कूलर सांगितला.

"आजोबा, माझ्या स्क्रीनवर ती पूर्ण सुरक्षित दिसतेय," डॉक्टर म्हणाल्या. "शर्यतीत दर तासाला कुणाचे तरी नातेवाईक घाबरून फोन करतात. तुमच्या शब्दावर मी तिला थांबवलं आणि तिला काही झालेलं नसलं, तर उद्या तीच मला कोर्टात उभी करेल. कूलर होता याला काही पुरावा?"

"कूलर घरी आहे. खिडकीला लागलेला आहे."

"आत्ता, इथे, आकड्यांत काही?"

नानांनी डोळे मिटले. रमजानने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि गाडीचा वेग जरा कमी केला, जणू त्याने त्यांना आठवायला मदत होणार होती.

"जानेवारीत मी बऱ्हाणपूरला गेलो होतो," नाना म्हणाले. "साडूच्या मुलीचं लग्न. अकरा ते चौदा. कूलर चालूच ठेवून गेलो आणि मी निघाल्याबरोबर मोटर जळाली. ते चार दिवस तिच्या पाठीला वारा नव्हता. त्या चार दिवसांचं काय आलंय ते बघा."

टाइप केल्याचा आवाज आला. "ते दिवस हिशेबात नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "चारही दिवस नाडी आणि तापमान फार वर गेलं होतं. यंत्राने 'आजारी' असं नोंदवून ते वगळलेत. तापमान..." त्या थांबल्या. त्यांचा आवाज बदलला. "ताप नव्हता. सुरुवातीला दररोज छत्तीस आठ आहे. आजारी माणसाचं असं नसतं."

"आजारी नव्हतीच ती."

"फोन ठेवू नका. मी उलटं करून बघते. तेवढे चार दिवस धरते आणि बाकीचे वगळते."

दोनशे तासांतले सहा तास खरे होते आणि यंत्राने नेमके तेच चुकीचे म्हणून बाजूला टाकले होते. बाकीच्या एकशे चौऱ्याण्णव तासांत ते एक असं शरीर शिकलं होतं जे अस्तित्वात नव्हतं: अर्धं तेजलचं, अर्धं भंगारातल्या कूलरचं.

नवा हिशेब यायला चार मिनिटं लागली. त्यात गाडी दीड किलोमीटर पुढे गेली. डॅशबोर्डवरचे आकडे लाल झाले. आतलं तापमान ४०.७. राखीव ताकद शून्य, पस्तीस मिनिटांपूर्वीपासून.

"ऐका," डॉक्टर भराभर बोलू लागल्या. "पट्टी मी एकदम बंद करू शकत नाही. सात तासांचा थकवा एका क्षणात अंगावर आला तर हृदय बंद पडू शकतं. हळूहळू उतरवायला वीस मिनिटं लागतात. घाट इथून किती लांब आहे?"

"नऊ किलोमीटर," रमजान म्हणाला. "थोडी चढण आहे, पण ती ताशी सत्तावीसनं चाललीय. वीस मिनिटांत ती घाटाच्या तोंडावर असेल."

सगळ्यांनाच घाट माहीत होता. आठ किलोमीटरचा उतार, एकामागून एक वळणं, डाव्या हाताला दरी. सायकल तिथे साठच्या वेगाने जाते.

"म्हणजे पट्टी उतरेल तेव्हा ती उतारावर असेल," डॉक्टर म्हणाल्या. "रुग्णवाहिका चाळीसगावहून निघालीय, पण ती घाटाच्या खालून येणार. तिला त्याआधी थांबवा. ती स्वतः थांबली पाहिजे. गाडी आडवी घातली तर ती वळवायला जाईल आणि पडेल. आत्ता तिचा तोल किती शाबूत आहे ते मला माहीत नाही. तिच्याशी बोला. मी लाइनवर आहे."

तेजलच्या कानात एक छोटा रिसीव्हर होता. नानांनी माइकचं बटण दाबलं.

"तेजू. बाजूला घे, बेटा. थांब."

"का? पंक्चर आहे?"

"नाही. तुझं अंग तापलंय. यंत्र चुकलंय."

"नाना, मला काहीच होत नाहीये." तिचा आवाज ताजातवाना होता, सकाळपेक्षाही. तीच भीतीची गोष्ट होती. "पाय उडताहेत नुसते. पहिली किती पुढं आहे?"

"तेजू, मी मागच्या खिडकीत कूलर लावला होता. सरावाच्या वेळी. तुझ्या पाठीवर. म्हणून यंत्राला वाटलं तुझं अंग लवकर निवतं. तसं नाहीये."

समोर ती एका लयीत पायडल मारत होती. डावीकडे थोडी झुकली, सावरली, पुन्हा झुकली. पांढऱ्या रेषेवरून सायकल मातीत उतरता उतरता राहिली.

"ऐकलंस का?"

"हो ना," तेजल म्हणाली. "लागतोय की वारा. पाठीला. चालूच राहू द्या, नाना."

घाट पाच किलोमीटरवर होता.

"कोणता वारा?" नानांनी हळूच विचारलं.

"कूलरचा. मोटर जळाली होती तेव्हा मी पडदा सारून बघितलं होतं. तुम्ही परत आलात आणि दुरुस्त केलीत. बरं केलंत. मी कुणाला सांगत नाही." ती हसली. "अजून किती वेळ राहिलाय? आज पडद्यावर ऊन फार दिसतंय."

लाइनवर डॉक्टरांचा श्वास ऐकू आला. बोलणं ध्वनिमुद्रित होत होतं, हे तिघांनाही माहीत होतं. तेजलला त्या क्षणी ते माहीत असण्याची शक्यता नव्हती. "तिला भ्रम होतोय," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदू तापला की असं होतं. ती घरातल्या खोलीत आहे असं तिला वाटतंय. तिला समजावण्यात वेळ घालवू नका."

"ब्रेक दाब, तेजू," रमजान माइककडे वाकून ओरडला. "ब्रेक!"

"रम्या, तू आमच्या घरी काय करतोस?" तेजल म्हणाली आणि पायडल मारत राहिली.

ब्रेकवर तिचा हात जाणार नव्हता. पाच महिने सरावात तिने ब्रेक दाबलाच नव्हता. खोलीतल्या सायकलला थांबवायचं नसतं.

पुढे शेवटचा चढ दिसू लागला. त्याच्या माथ्यावर वन खात्याची चौकी होती, आणि चौकीच्या पलीकडे रस्ता दिसेनासा होत होता.

नाना मागच्या सीटकडे वळले. हत्यारांची पिशवी उघडून त्यांनी पाना काढला.

"रमजान, गाडी तिच्या शेजारी घे. चढावर वेग कमी झाला की मी ठोकतो. तू उतरून पळायचं."

"पळून?"

"पकडायचं तिला. ती पाय टेकणार नाही. खोलीतली सायकल पडत नाही."

"हात लावला तर बाद होईल ती."

"होऊ दे."

चढावर सायकलचा वेग वीसवर आला, मग सतरावर, मग बारावर. राखीव काही उरलंच नव्हतं. शरीर त्याच्या परीने थांबू लागलं होतं, फक्त तेजलला त्याची खबर नव्हती. रमजानने गाडी पुढे घेऊन डाव्या अंगाला उभी केली आणि दार उघडं टाकून धावला. चौकी शंभर मीटरवर होती.

नानांनी माइक गाडीच्या खिडकीच्या लोखंडी चौकटीला टेकवला.

टण, टण.

तेजलचे पाय थांबले.

तिने मान खाली घातली, हँडलवर कपाळ टेकवलं, रोज टेकवायची तसं. सायकल दहा-बारा फूट आपोआप पुढे गेली, मंद झाली, उभी राहिली आणि उजवीकडे कलू लागली. तिने पाय काढला नाही, हात सोडला नाही. रमजानने तिला खांद्याखाली धरलं, तेव्हा ती जमिनीपासून हातभर अंतरावर होती. "इस्तरी आहे का काय ही," तो नंतर सांगायचा. शर्टातून त्याच्या हातांना चटका बसला होता.

चौकीच्या सावलीत त्यांनी तिला निजवलं. गाडीतलं सगळं पाणी आणि बर्फ तिच्यावर ओतला. नानांनी शर्यतीचा नकाशा छापलेला पुठ्ठा घेतला आणि ओल्या अंगावर वारा घालत राहिले. पाणी आणि वारा. त्यांना दुसरं काही येत नव्हतं. त्या वेळी दुसरं काही लागणारही नव्हतं. तेवीस मिनिटांनी रुग्णवाहिका घाट चढून आली. गुदद्वारातून मोजलेलं तापमान ४०.९ होतं. बर्फाआधी ते किती असेल, यावर डॉक्टर वाणींनी अहवालात अंदाज लिहिलेला नाही.

तेजल पाच दिवस रुग्णालयात होती. मूत्रपिंडं सावरली. चौकशीत तिने ध्वनिमुद्रण ऐकलं आणि ते खरं असल्याचं सांगितलं. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "थोडासा फायदा मिळेल, एवढंच वाटलं. पट्टी मला आतून फसवेल हे डोक्यात आलं नाही." तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली. नानांना समितीने समज दिली.

कंपनीने राज्यातल्या एकशे चाळीस स्पर्धकांची वगळलेली नोंद पुन्हा काढून पाहिली. सत्तावीस घरांत काही ना काही सापडलं. कुणाची आई दर अर्ध्या तासाने मानेवर ओला पंचा ठेवत होती. कुणाच्या नवऱ्याने दाराला फट ठेवली होती. एका ठिकाणी धाकटी बहीण पाठीमागे बसून चक्क पुठ्ठ्याने वारा घालत असे. यातल्या कुणालाही आपण फसवणूक करतोय असं वाटलं नव्हतं. सत्तावीस पट्ट्या परत घेतल्या गेल्या.

घरी आल्यावर पंधरा दिवस बाप-लेक कामापुरतंच बोलले. मग एका रविवारी नानांनी मागच्या खिडकीतला कूलर उतरवला, पत्र्याची नळी काढली आणि भोक सिमेंटने बुजवलं. तेजल दारात उभी राहून बघत होती.

"मोटर चांगली भरली होती," ती म्हणाली. "आवाज अजिबात नव्हता."

"हं."

"सांगायला हवं होतंत."

"तूही."

जूनमध्ये तिने पुन्हा सराव सुरू केला, पट्टीशिवाय. खोलीत अडतीस अंश, समोरून एकच पंखा. नानांनी पडद्याच्या शेजारी खुर्ची टाकली, तिला दिसेल अशी. ते बनियनवर बसून राहिले. पहिल्या दिवशी तेजल चाळीसाव्या मिनिटालाच म्हणाली, "पाय जड झालेत."

"होऊ देत."

"तुम्ही बाहेर जा ना. तुम्हाला त्रास होईल."

"तू थांबलीस की जाईन."

एक तास दहा मिनिटांनी नानांनी पाना उचलून खुर्चीच्या दांड्यावर दोनदा ठोकला. तेजलने पाय थांबवले. मग, सायकल फरशीला आवळलेली असताना आणि जागची हलली नसताना, तिने दोन्ही ब्रेक दाबले, डावा पाय काढला आणि जमिनीवर टेकवला.